‘लीव्ह’पुढे फुली मारलेल्या मराठी मंडळींना खुले पत्र

स. न. वि. वि.

हे पत्र कुणा एकाला नाही. स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स, लेस्टर आणि आमचं स्विंडन, इथल्या भाड्याच्या हॉलांमध्ये आपण गणपतीला आणि कोजागिरीला भेटतो. ब्रिटनने युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमतात, २३ जून २०१६ ला, तिथल्या ज्यांनी ज्यांनी मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या, ‘लीव्ह’ म्हणजे ‘बाहेर’च्या चौकटीत फुली मारली, त्या सगळ्यांना आहे. माझ्या नुसत्या ओळखीत तुम्ही अकरा जण आहात. अकराही जण माझ्या घरी जेवून गेलेले आहात, तेव्हा हे भांडण घरातलं धरा.

निमित्त ग्रुपवरच्या एका मेसेजचं. ‘कायमच्या वास्तव्याला पाचाऐवजी दहा वर्षं करतायत. टॅक्स भरला, फिया भरल्या, आता मधेच नियम बदलणार? हा कुठला न्याय?’ लिहिणाऱ्यांचा संताप रास्त आहे. त्यांच्या भाच्याला इथं चार वर्षं झाली, पाचवं लागलंय. पण हेच गृहस्थ त्या वर्षी आमच्या हॉलमध्ये वडापावची प्लेट हातात धरून सांगत होते, ‘युरोपवाल्यांचं दार बंद झालं की आपलं उघडेल. साधं गणित आहे.’ मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, ग्रुपवर नको, नीट बसून लिहू.

आधी एक कबूल करते. तुमचा राग खोटा नव्हता. मलाही यायचा.

मी सावंतवाडीची, मधे काही वर्षं पुणं. एप्रिल २०१४ मध्ये स्विंडनला आले आणि पहिल्याच मे महिन्यात कळलं की यंदा हापूस नाही. १ मेपासून युरोपीय महासंघाने भारताचा आंबा बंद केला होता, आणि सोबत चार भाज्या: अळू, कारलं, वांगं, पडवळ. आदल्या वर्षीच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. म्हणजे कोकणातून आलेल्या बाईला आंबाही नाही आणि अळूवडीही नाही! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग थंय खातत तरी काय?’ साउथॉलच्या दुकानदारांपासून लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांच्यापर्यंत सगळे ओरडत होते. पुढच्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठली, पण ‘ब्रसेल्सवाल्यांनी (म्हणजे महासंघानं) आमचा हापूस अडवला’ हे आपल्या डोक्यात बसलं ते बसलंच. २०१६ च्या प्रचारातही कुणीतरी ते हमखास काढायचं.

मात्र त्यातला अर्धा भाग आपण कधी सांगितला नाही. इथल्या शेती-पर्यावरण खात्याने, डेफ्राने, त्या बंदीची बाजू घेतली होती. फळमाशी इथल्या टोमॅटो-काकडीवर पडेल ही भीती त्यांनी स्वतःच बोलून दाखवली होती. आपण बोट दाखवत होतो ब्रसेल्सकडे आणि मान लंडनची डोलत होती.

आपल्या बाकीच्या गाऱ्हाण्यांचंही थोड्याफार फरकानं हेच आहे. आईवडिलांना इकडे आणता येत नाही, हे आपल्या प्रत्येकाच्या घरातलं दुखणं. तो नियम जुलै २०१२ चा. आईला रोजच्या साध्या कामालाही दुसऱ्याचा हात लागतो, आणि तशी देखभाल भारतात पैसे टाकूनही मिळत नाही, असं कागदावर सिद्ध करायचं. पुण्यात पैसे टाकले की बाई मिळते, म्हणजे अर्ज नामंजूर. विद्यार्थ्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं नोकरी करायची मुभा होती, ती त्याच साली काढून घेतली. मग एप्रिल २०१६ पासून ३५,००० पौंड पगार नसेल तर कायमचा परवाना नाही. या तिन्ही नियमांत ब्रसेल्सचा काडीचा संबंध नव्हता. युरोपबाहेरच्या माणसाला किती आणि कसं येऊ द्यायचं हे ब्रिटन तेव्हाही स्वतःच ठरवत होतं. ते ठरवणारं टेबल गृहखात्यात होतं आणि २०१० पासून त्यापाशी थेरेसा मे बसल्या होत्या.

आता शेजारच्या अंकलबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्या रागाचं खरं तोंड त्यांच्याकडे होतं.

अंकल साष्टीचे. जन्म १९५८ चा, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधीचा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्वाचा हक्क देतो. लिस्बनला जन्माची नोंद करायची, पासपोर्ट घ्यायचा आणि भारताचा सोडायचा. अंकलनी तो घेतला आणि २००६ साली स्विंडनला आले, गोदामात रात्रपाळीला लागले. व्हिसा नाही, फी नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. त्यांच्यासारखे इतके गोंयकार इथं आले की गावातल्या एका चर्चमध्ये कोकणीतून मिस्सा होते आणि दुकानात रेशाद मसाला मिळतो. अंकलनी सासूबाईंनाही आणलं. युरोपच्या नियमात अवलंबून असलेल्या आईवडिलांना आणता यायचं.

मधल्या भिंतीच्या अलीकडे मी. इंजिनिअरिंगची डिग्री, कंपनीचं पत्र, टीबीची तपासणी, बोटांचे ठसे, बँकेत अमुक इतके पैसे नव्वद दिवस दाखवा. आणि आई सावंतवाडीला एकटी. पलीकडून त्यांच्या सासूबाईंचा खोकला ऐकू यायचा तेव्हा माझ्या मनात काय यायचं ते लिहिण्यासारखं नाही. तेव्हा ‘आम्ही रांगेत उभे आणि हे पोर्तुगालचा कागद दाखवून पुढं’ हे तुमचं वाक्य मला पुस्तकी वाटत नाही. फक्त एवढंच की महासंघानं मला अडवलेलं नव्हतं, त्यांना मोकळं सोडलं होतं. मला अडवणारं खातं दुसरं होतं. त्या दोन गोष्टी आपण एक केल्या. शेजाऱ्याचे दोन्ही डोळे जाणार असतील तर आपला एक द्यायला निघालेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच होती की.

तो गुरुवार मला लख्ख आठवतो. ऑफिसला जाण्याआधी मत देऊन येऊ म्हणून बाहेर पडले तर अंकल कुंपण छाटत होते. ‘वोट मारूंक वता गो?’ मी होय म्हटलं. कात्री खाली करून हसले आणि म्हणाले, ‘तुका आसा. म्हाका ना.’

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नियमच तसा होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथं कायदेशीर राहत असेल तर त्याला सार्वमतात मत होतं. माझा पासपोर्ट भारताचा, इथं येऊन जेमतेम सव्वादोन वर्षं झालेली, व्हिसा उद्या रद्द झाला तर बॅग भरून जावं लागणारं. आणि मला मत. अंकल दहा वर्षं इथं कर भरत होते, कौन्सिलच्या निवडणुकीत मतही देत होते, पण ते पोर्तुगीज, म्हणून सार्वमतात नाही. युरोपातल्या इतर देशांपैकी फक्त आयरिश, माल्टीज आणि सायप्रसवाल्यांना होतं. ज्याचा संसार पणाला लागला होता तो कुंपण छाटत होता, आणि त्याचं काय करायचं ते मी ठरवायला चालले होते. बूथमध्ये दोऱ्यानं बांधलेली बोटभर पेन्सिल होती. मी पहिल्या चौकटीत फुली मारली. त्यात माझं काही थोरपण नाही. घरी परतताना परत त्यांच्या कुंपणावरूनच यायचं होतं, हेही त्यात होतं.

स्विंडनने सुमारे ५५ टक्क्यांनी ‘बाहेर’ म्हटलं. स्लावनेही, जिथं आपली माणसं दर दुसऱ्या घरात. देशात ५१.९ विरुद्ध ४८.१.

तुमचं साधं गणित कुठून आलं होतं तेही आठवून बघा. मे २०१६ मध्ये ‘लीव्ह’च्या प्रचारात असलेल्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी हाउस वाचवण्याची हाक दिली होती. युरोपातून कुणीही यावं आणि ढाक्याच्या, सिल्हेटच्या आचाऱ्याला व्हिसा नाही, हा भेदभाव. बाहेर पडा म्हणजे सगळे एका मापानं मोजले जातील. बांगलादेशी हॉटेलवाल्यांनी साथ दिली, आपल्यातल्या अनेकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच महिन्यात इंग्लंडच्या पूर्वेकडच्या बॉस्टन नावाच्या गावात, जिथं कोबी आणि ब्रोकोली काढायला लिथुआनियाची, पोलंडची पोरं राबतात, ‘लीव्ह’च्याच बाजूचे लोक सांगत होते की बाहेर पडलो की परके लोक कमी होतील. बॉस्टननं देशात सगळ्यात जास्त, ७५ टक्क्यांहून अधिक मतं ‘लीव्ह’ला दिली. आपल्याला सांगितलं ‘तुमची माणसं येतील’, त्यांना सांगितलं ‘माणसंच येणार नाहीत’. एकाच तिकिटावर दोन वेगळे खेळ विकले होते. तुम्ही आपल्या खेळाच्या आशेनं आत गेलात, शेजारच्या खुर्चीवर कोण, कशासाठी बसलंय ते पाहिलं नाहीत.

हां, तुमचं भाकीत काही काळ खरं ठरलं, हेही लिहिते. नाहीतर म्हणाल, सोयीचं तेवढं सांगते. १ जानेवारी २०२१ पासून नवी गुणांची पद्धत आली. पगाराची अट ३०,००० वरून २५,६०० पौंडांवर आली. आधी इथल्या माणसासाठी जाहिरात द्यायची सक्ती गेली. विद्यार्थ्यांची दोन वर्षं परत मिळाली. २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्यांनाही व्हिसा खुला झाला. केरळच्या नर्स आल्या, तेलुगू पोरं आली, नागपूर-नाशिकची मुलं कर्ज काढून एम.एस्सी. करायला आली. व्हिसाच्या यादीत भारतीय पहिले. तुमचा भाचा याच लाटेत आला.

आणि मग बॉस्टनवाल्यांनी हिशेब मागितला. सार्वमताच्या वेळी निव्वळ स्थलांतर सव्वातीन लाखांच्या आसपास होतं आणि तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांचं आश्वासन ते एक लाखाच्या आत आणायचं होतं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ते नऊ लाखांच्या वर गेलं. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर? आपल्याला फसवलं, असंच वाटलं असतं. फसवलंच होतं. त्यानंतर दार कसं मिटत गेलं ते तुम्ही पाहिलंत: जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना बायकामुलं आणायला बंदी, मार्चपासून केअर वर्करनाही तीच बंदी, एप्रिलपासून पगाराची अट ३८,७००, जुलै २०२५ पासून ४१,७०० आणि केअरचा व्हिसा बाहेरच्या नव्या लोकांना बंदच. आरोग्य अधिभार २०१५ साली वर्षाला २०० पौंड होता, तो १,०३५ झालाय. यातलं एकही ब्रसेल्सनं केलेलं नाही. आता तर तसं म्हणायलाही ब्रसेल्स उरलेलं नाही.

दार मिटणाऱ्यांत आपलेच चेहरे होते, याचं मला सगळ्यात जास्त हसू येतं. सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याचे, केनियातून आलेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, गृहमंत्री असताना, भारताशी व्यापारकराराबद्दल त्यांनी शंका काढली ती अशी की यामुळे भारतीयांना मोकळं रान मिळेल, लोकांनी ब्रेग्झिटला मत दिलं ते यासाठी नव्हे. आणि व्हिसा संपल्यावरही राहणाऱ्यांत सर्वाधिक भारतीयच असतात, असंही त्या म्हणाल्या. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर केवढी शांतता होती!

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ‘लीव्ह’च्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेला, महासंघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं इथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं मतदानाआधीच म्हटलं होतं. आपल्यापुरतं बोलायचं तर शंभराच्या आसपास असलेला पौंड त्या वर्षाअखेरीस ८५ रुपयांच्या खाली होता. ज्यांच्या हिंजवडीच्या, बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते इथून जात होते त्यांनी तो हिशेब वहीत मांडलाच असेल. अर्थसंकल्पावर नजर ठेवणारी ओबीआर ही संस्था धरून चालते की महासंघात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील. आमच्या गावातला होंडाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला. कंपनीनं कारण ब्रेग्झिट नाही, जगभरात बदललेला बाजार असं दिलं, तेव्हा ते मी तुमच्या माथी मारत नाही. पण माझ्या मैत्रिणीची मुलगी ॲमस्टरडॅमला असते आणि तिला साजूक तुपाची बरणी आता टपालानं जात नाही. दूधदुभतं परदेशातून येऊ द्यायचं नाही हा महासंघाचा नियम, आणि ‘परदेश’ आता आपण. डच अधिकारी ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविचं काढून घेतायत, तो व्हिडिओ जानेवारी २०२१ मध्ये तुम्हीच हसत हसत फॉरवर्ड केला होता.

जमेला धरायचं तर जुलै २०२५ चा भारत-ब्रिटन करार आहे. महासंघात असतो तर ब्रिटनला तो एकट्यानं करता आला नसता, हे मान्य. तात्पुरत्या बदलीवर आलेल्यांना दोन्हीकडे विमा-वर्गणी भरायला लागणार नाही, हा फायदा मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना आणि त्यांच्या माणसांना खरोखरचा आहे. पण त्या करारानं तुमच्या भाच्याच्या पाच वर्षांची हमी दिलेली नाही.

आता मूळ मुद्दा. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठी पाचाची दहा वर्षं करायचं आलं. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी जो तपशील मांडला, त्यात हा नियम आधीपासून इथं असलेल्यांनाही लावायचा विचार आहे. आणि रिफॉर्म यूके पक्षाचे नायजेल फराज, ज्यांच्या सभांच्या क्लिपा तुम्ही पाठवायचात, ते सप्टेंबरमध्ये म्हणाले की सत्ता आली तर कायमचा परवाना हा प्रकारच मोडीत काढू. त्यांनी आपलं म्हणणं कधी बदललंच नव्हतं. त्यांच्या वाक्यातला ‘बाहेरचा’ म्हणजे पोलंडचा, असं आपण समजत होतो.

दादरला पहाटेची लोकल पकडलेला कुठलाही माणूस हे ओळखेल. फलाटावर असतो तोवर ‘अहो, जरा आत सरका, भरपूर जागा आहे’ म्हणतो. पाय आत पडला की पुढच्या स्टेशनात दाराशी उभा राहून तोच ओरडतो, ‘जागा नाही, मागची पकडा!’ गेल्या दोन वर्षांत तुमच्यातल्या काहींकडून केअर वर्करबद्दल, ‘हल्लीच्या’ विद्यार्थ्यांबद्दल मी जे ऐकलं ते याच सुरातलं: यांच्यामुळे आपलं नाव खराब होतं, आपण वेगळे होतो, आपण डिग्र्या घेऊन आलो. मुंबईत परप्रांतीयांबद्दल आपण जे बोलत वाढलो तेच इथला गोरा शेजारी बसस्टॉपवर बोलतो, तेव्हा त्याला तुमची डिग्री दिसत नाही हो. त्याला फक्त आणखी एक दिसतो. मुंबईच्या प्रश्नात तुमचं मत काय ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त म्हणते की ते वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकलेली माणसं जगात फार थोडी असतील आणि त्यांत आपण आहोत.

मला तुमच्याकडून माफी नको आहे. अंकलनाही नको असेल; मी विचारलेलं नाही. मला काम हवं आहे. एचएसएमपी, म्हणजे उच्च कौशल्य असलेल्यांच्या व्हिसावर आलेल्यांचे नियम २००६ साली असेच मधेच बदलले होते. तेव्हा आपल्यासारख्याच नोकरदार लोकांनी फोरम काढला, वर्गणी गोळा केली, कोर्टात गेले आणि २००८ मध्ये जिंकले. चाराची पाच वर्षं केली होती, तो निर्णयही पुढच्या वर्षी त्या लोकांपुरता फिरला. कबूल केलेले नियम आलेल्या माणसाच्या पायाखालून काढून घेऊ नयेत, एवढंच म्हणणं होतं. तेच म्हणणं आताही खासदारांकडे जायला हवं, आणि ते तुमच्याकडून गेलं तर वजन जास्त. तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, मत आहे, आणि ‘मी लीव्हला मत दिलं होतं, मला हे अपेक्षित नव्हतं’ असं म्हणायची सोय आहे. ती माझ्याकडे नाही. पत्रात केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या बाईलाही धरा, नुसतं आयटीवाल्यांचं नको. त्या प्रस्तावात तिच्यासारख्यांना दहाऐवजी पंधरा वर्षं सुचवली आहेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोनपासून आमचा नेहमीचा हॉल घेतला आहे. मसुदा तयार आहे, तो झोडपायला या. ज्यांना सही करायची नाही त्यांनी नुसतं जेवायला या. भाच्याला सांगा, व्हिसा कोणत्या तारखेला मिळाला तो कागद बरोबर आण. अंकल येणार आहेत; ते २०२३ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले, २०२४ च्या जुलैत पहिल्यांदा पार्लमेंटसाठी मत देऊन आले आणि येऊन मला विचारत होते, ती पेन्सिल अजून दोऱ्यानंच कशाला बांधतात. आंटी नाताळच्या नेवऱ्यो आणतायत, म्हणजे आपल्या करंज्याच. अळूवड्या माझ्याकडे. चहाचं तेवढं कुणीतरी बघा.

आपली,
सावंतवाडीची, मुक्काम स्विंडन